जर्मनीत दिवाळीचा फराळ कुठे मिळतो? भारतातून कुरियरने मागवलेला बरा का?

मिळतो की. मोठ्या शहरात कुठेही इंडियन स्टोअर असतंच, तिथे सोनपापडी आणि डबाबंद गुलाबजाम बारा महिने असतात. पण तुम्ही फराळ म्हणालात, आणि सोनपापडी म्हणजे फराळ नव्हे. रेस्टॉरंटवाले दिवाळी बॉक्स विकतात त्यात बर्फी आणि मोतीचूर, चकली-कडबोळी शोधत बसाल. खरा फराळ मिळतो तो घरून ऑर्डर घेणाऱ्या आपल्या बायकांकडे, त्यासाठी तुमच्या शहरातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात शिरा आणि दसऱ्यालाच नाव नोंदवा, नंतर त्या हात वर करतात. कारण त्याही नोकरी सांभाळून तळतात.

कुरियरचं विचारलंत म्हणून मात्र लिहायला बसले. माझ्या थोरल्या जाऊबाई पुण्यात असतात, आणि त्यांचं ठाम मत आहे की तिकडच्या रव्याला चव नाही, तिकडच्या तुपाला वास नाही आणि तुम्हाला वेळ नाही, तेव्हा फराळ इकडूनच गेला पाहिजे. दर दिवाळीला भलं मोठं खोकं पाठवायच्या आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत प्रत्येक लग्नामुंजीत त्या खोक्याचा विषय निघायचा. एका वर्षी ते कस्टम्समध्ये अडकलं. कुरियरवाल्याने कागदावर नुसतं 'स्नॅक्स' लिहिलेलं, बिल आत, बाहेर काहीच नाही. मला पत्र आलं की ओळखपत्र आणि बिल घेऊन या. ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून गेले. तिथला पोरगेलासा अधिकारी, माझ्या हातात कटर दिला आणि म्हणाला तुम्हीच उघडा. उघडलं तर चकल्यांची परत भाजणी झालेली, चिवड्याची पिशवी फुटून शेंगदाणे सगळ्या खोक्यात, आणि या सगळ्याच्या मधे एक करंजी अगदी धडधाकट. त्याने ती उचलली, उलटसुलट केली, आत काय विचारलं, मी खोबरं सांगितलं, त्याने ठेवली. मग पेढ्यांचा बॉक्स. दुधाचे का? हो म्हटलं. बाजूला काढले, एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला, संपलं. युरोपच्या बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ पार्सलने किंवा सामानातून आणता येत नाहीत, जनावरांचे रोग येऊ नयेत म्हणून, त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक. शिवाय भेट म्हणून 45 युरोपर्यंतचंच पार्सल करमुक्त असतं, तेही एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलं तर, आणि जाऊबाईंचं बिल त्याच्या पुढचं. पूर्वी 22 युरोपर्यंत खरेदी केलेल्या मालालाही सूट होती, ती जुलै 2021 पासून गेली, त्यामुळे तुम्ही स्वतः दुकानातून ऑनलाइन मागवलंत तर ती भेट धरत नाहीत, कर भरायचा.

घरी येऊन फोन केला तर जाऊबाई काय म्हणाल्या असतील? "दुधाचे आहेत हे सांगितलंसच कशाला?"

म्हणजे मी सरकारी माणसासमोर खोटं बोलायचं, पेढ्यांसाठी! त्याच फोनवर मी त्यांना सांगितलं की पुढच्या वर्षी काही पाठवू नका, मी करते. तर हसल्या. "अनारसे करून दाखव मग." चकली-लाडू नाही, थेट अनारसे, कारण त्यांना माहीत होतं की माझ्या आईने ते कधी घरी केले नाहीत.

आता अनारशाचं असं की तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, तो जरा आंबला पाहिजे. इथे नोव्हेंबरात स्वयंपाकघरात काही आंबत नाही. मी पातेलं बाहेरच्या खोलीतल्या हीटरजवळ ठेवलं, घरभर वास, नवरा म्हणतो उंदीर मेलाय का बघू. मग कापडावर पसरून ओलसर असतानाच मिक्सरमधून काढला आणि बारीक चाळणीने चाळला. मिक्सर रात्री दहाच्या आत, नंतर इथे आवाज केला तर शेजारी सोडत नाहीत. गूळ इंडियन स्टोअरचा, पिठाच्या वजनापेक्षा थोडा कमी, चमचाभर तूप, आणि गोळा डब्यात घालून परत हीटरपाशी, आठवडाभर. तूप विकतचं घेऊ नका हं. इथे बुटरश्माल्झ म्हणून मिळतं ते तूपच आहे पण फिकं, वास नाही, इतपत जाऊबाई बरोबर आहेत. बिनमिठाचं साधं लोणी आणायचं आणि बेरी लालसर होईपर्यंत कढवायचं, मग त्या तुपाला पुण्यातल्या तुपाने लाजावं.

खसखस मात्र इथल्या सुपरमार्केटात निळी-काळी मिळते, पाव आणि केकवर घालतात ती. मी तीच घेतली. गोळी खसखशीवर थापली, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडली, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. पहिला हसला, सगळ्या कढईत पसरला. पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळली आणि पुढचे जाळीदार, कडेला खुसखुशीत, मधे मऊ. व्हिडिओ कॉलवर दाखवले. जाऊबाई कॅमेऱ्यात डोळे बारीक करून, "काळे का दिसतायत गं?" तेवढंच. जाळीबद्दल एक अक्षर नाही. तेव्हापासून खोकं मात्र येत नाही.

तर तुम्हाला सल्ला हा की पहिल्या वर्षी एक तिखट, एक गोड करा, बाकी ऑर्डर द्या. रवा लाडूला इथला मऊ गव्हाचा रवा चालतो, पाकिटावर वाइषवाइत्सन (Weichweizen) लिहिलेलं बघा, पास्त्याचा पिवळा नको. पाडव्याला श्रीखंड करायचं असेल तर चक्का बांधायची गरजच नाही, क्वार्क म्हणून इथे चक्क्यासारखंच मिळतं ते आणा, 40 टक्केवाला, बिनफॅटचा आणलात तर आंबट पाणी खाल. पातळ पोहे दमट निघतात, ओव्हनमध्ये कमी आचेवर सुकवून घ्या. भाजणी भारतातून बॅगेत आणा, कोरडं दळलेलं पीठ आहे, मला कधी कोणी अडवलं नाही. आणि 2026 चं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, रविवार, म्हणजे दुकानं बंद. शनिवारी दुपारीच सगळं आणून ठेवा. तळताना खिडकी उघडी, नाहीतर स्मोक अलार्म सगळी बिल्डिंग जमवतो, आणि उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका.

कुरियर अगदीच वाईट असं नाही म्हणा, ज्यांच्या घरी लहान बाळ आहे किंवा जे सहा जणांत एक चूल वापरतात त्यांनी जरूर मागवावं. फक्त शंकरपाळी, शेव, कडबोळी असलं कोरडं आणि दणकट, खव्याचं काही नको, आणि प्रत्येक पदार्थाचं नाव आणि किंमत बाहेरच्या कागदावर. हे सगळं जर्मनीपुरतं. दुबईला किंवा सिंगापूरला कोणी फराळ नेणार असेल तर अनारसे घरीच ठेवा, तिथे खसखस नेण्यावर बंदी आहे, आणि ऑस्ट्रेलियात मिठाई नेली तर कार्डावर डिक्लेअर करा, लपवली तर दंड. जाऊबाईंचा सल्ला तिथे वापरू नका.

हो, आणि सोऱ्या पितळी, भारतातून, चेक-इन बॅगेत. हँडबॅगेत ठेवलात तर सिक्युरिटीवाला तो बाहेर काढणार आणि तुम्हाला चकली समजावून सांगावी लागणार.