कागदावर इरावती, हाकेला इरा

तोरिनोहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नवरा आधी पुण्याजवळ रांजणगावला गाड्यांच्या कारखान्यात होता, तिथून बदली होऊन दोघं इटलीत आले. पुढच्या महिन्यात पहिलं बाळ येतंय आणि मुलगी आहे हे डॉक्टरांनी सांगितलं आहे. साताऱ्याच्या सासूबाईंना मुलीला पणजीचं नाव हवंय, इरावती. ताईंना त्यातलं 'इरा' एवढंच आवडतं आणि कागदावरही तेच असावं असं वाटतं. नवऱ्याच्या ऑफिसातली इटालियन मंडळी म्हणतात, सरळ सोफिया ठेवा, कुणालाच अडचण नाही. पत्राच्या शेवटी ताई लिहितात, "रोज शाळेत नाव समजावून सांगायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढीच इच्छा आहे."

ताई, माझं मत आधीच सांगून टाकते. कागदावर इरावती ठेवा, घरी खुशाल इरा म्हणा. सोफिया मनापासून आवडत असेल तर ठेवायला काहीच हरकत नाही, पण भीतीपोटी ठेवू नका. कारण ज्या इटालियन लोकांची तुम्हाला धास्ती वाटते, ते स्वतः नावाकडे कसं बघतात हे कळलं की ही भीती बरीच कमी होईल.

सोफिया हे तिथलं सगळ्यात लाडकं नाव आहे. इटलीची सांख्यिकी संस्था 'इस्तात' दरवर्षी नवजात बाळांच्या नावांची यादी काढते. 2023 च्या यादीत मुलींमध्ये सोफिया, आउरोरा आणि जुलिया पहिल्या तीन होत्या, तर मुलांमध्ये लिओनार्दो, एदोआर्दो आणि तोम्माझो. लिओनार्दो 2018 पासून पहिला आहे, त्याआधी कितीतरी वर्षं तो मान फ्रांचेस्कोचा होता. आता याचा रोजच्या जगण्यातला परिणाम बघा. पाळणाघरात एका खोलीत दोन सोफिया असल्या की आडनावाचं पहिलं अक्षर जोडून हाका सुरू होतात. इटालियन आया याला कंटाळतातही. नाव गोड आहे, पण ज्याला त्याला तेच, ही कुरबूर तिथे नेहमी ऐकू येते. म्हणूनच बरेच आईवडील आता पणजोबांच्या काळातल्या नावांकडे वळलेत. पिएत्रो, एत्तोरे, बेआत्रिचे, जिनेव्रा ही नावं पुन्हा पाळण्यात आली आहेत. तुमच्या सासूबाई वेगळं काय म्हणताहेत?

दक्षिण इटलीत तर ही परंपरा आणखी घट्ट आहे. नेपल्स, कालाब्रिया, सिसिली या भागांत थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव आणि थोरल्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव द्यायचं, असा जुना रिवाज. त्यामुळे एकाच आजोबांची चार नातवंडं जुसेप्पे असतात आणि मग कुणी पेप्पे, कुणी पिनो, कुणी पेप्पिनो होतो. आजोबांचं नाव डावललं म्हणून घरात अबोला धरल्याच्या गोष्टीही तिकडे सांगतात. तुम्ही तोरिनोत राहता म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. 1950 आणि 60 च्या दशकांत गाड्यांच्या कारखान्यांतल्या कामासाठी दक्षिणेतून प्रचंड संख्येनं लोक या शहरात आले. तुमच्या जिन्यातल्या निम्म्या आज्या त्या घरांतल्या असतील. त्यांना एवढंच सांगा, "हे माझ्या नवऱ्याच्या आजीचं नाव आहे." पुढे काही समजवावं लागणार नाही. उलट त्या नाव दोनदा म्हणून बघतील आणि पुढच्या वेळी बरोबर हाक मारतील.

नावाबद्दलची आणखी एक इटालियन हळवी जागा म्हणजे 'ओनोमास्तिको', म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस. जुसेप्पेचा 19 मार्च, अंतोनियोचा 13 जून, फ्रांचेस्कोचा 4 ऑक्टोबर, लुचियाचा 13 डिसेंबर. त्या दिवशी शुभेच्छांचे फोन येतात, आज्या गोडधोड करतात. (आपल्या वसईतल्या मराठी ख्रिस्ती घरांतही फ्रान्सिस आणि अंतोन ही नावं पिढ्यान्पिढ्या चालत आली आहेत, ती संतांचीच.) इरावती नावाची संत नाही, मग मुलगी या दिवसाला मुकणार का? नाही. ज्यांच्या नावाचा संत नसतो त्यांनी 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, ओनोमास्तिको करायचा, अशी तिथे सोय आहे. शेजारच्या आजीनं त्या दिवशी चॉकलेट आणलं तर ते आनंदानं घ्या.

आता दुसरी बाजू. इटलीत नावावरून नाक मुरडणारेही आहेत आणि कशावर मुरडतात हे माहीत असलेलं बरं. केव्हिन, जेसिका, सॅमंथा अशी टीव्हीवरून आलेली इंग्रजी नावं इटालियन आईवडिलांनी ठेवली की शिकलेला वर्ग हसतो. मायकल हे नाव कानाला ऐकू येतं तसं इटालियन अक्षरांत लिहिलं, तर जास्तच हसतो. मला हे हसणं मुळीच आवडत नाही, त्यात कष्टकरी घरांबद्दलचा तुच्छपणा असतो. पण त्यातून आपल्यासाठी एक गोष्ट कळते. स्वतःच्या भाषेतलं, स्वतःच्या घरातलं नाव असलं तर तिथे सहसा कुणी हसत नाही. इटालियन उच्चाराला सोयीचं व्हावं म्हणून नावाचं स्पेलिंग मोडूनतोडून घेतलं, तर ते ना धड इटालियन राहतं ना मराठी, आणि पुढे इंग्लंड-अमेरिकेत गेल्यावर भलतंच वाचलं जातं.

मग नाव निवडताना बघायचं काय? इटालियन माणूस ते कागदावरून कसं वाचेल, हे बघायचं. तिथे एच मुका असतो, म्हणून रोहनचा रोअन आणि नेहाची नेआ होते. सी-एच म्हणजे त्यांना 'क', म्हणून चिन्मयचा किन्मय आणि चैत्रालीची कैत्राली. जे चा भरवसा नाही. तुमच्याच शहरातला युव्हेंतुस संघ जे नं लिहितात आणि य नं म्हणतात, तेव्हा जान्हवीची यान्वी होऊ शकते. व्यंजनाचं अक्षर दोनदा लिहिलं की ते खरोखर ठासून उच्चारतात, म्हणून अंकशास्त्रासाठी एखादा एन वाढवायचा मोह टाळा. मुलाचं नाव ए नं संपत असेल, म्हणजे आदित्य किंवा अथर्व, तर कागद बघून ते मुलीचं समजलं जाण्याची शक्यता आहे. लुका, आंद्रेआ, निकोला ही मुलांचीच नावं असली तरी सर्वसाधारण कल तसाच आहे. आंद्रेआ तर तिथे इतकं पुरुषी मानलं जाई की मुलीला ते देता येईल का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2012 मध्ये कुठे परवानगी मिळाली.

आणि ताई, तुमच्या 'इरा'बद्दल. इटालियनमध्ये 'इरा' म्हणजे क्रोध, चर्चनं सांगितलेल्या सात महापापांपैकी एक. लहान मुलं याच्यावरून चिडवतील. घरातल्या हाकेला काही बिघडत नाही, पण वर्गाच्या हजेरीत रोज तेच नको. (गीता नावाच्या मुलींनाही हे माहीत असावं. Gita असं लिहिलं की तिथे ते 'जीता' वाचलं जातं आणि त्याचा अर्थ सहल, पण ते नाव वाचून मुलं खूशच होतात.) इरावतीत यातलं काही नाही. मुका एच नाही, सी-एच नाही, जे नाही. फक्त डब्ल्यूऐवजी व्ही लिहा. मग प्रत्येक अक्षर जसं लिहिलंय तसंच वाचलं जाईल, फारतर 'वा' वर जरा जोर पडेल. पणजीचं नाव इटालियन जिभेवर इतकं सहज बसतंय, हे सासूबाईंना जरूर कळवा.

आता तारखांकडे या, कारण खरी गडबड तिथे होते. आपलं बारसं बाराव्या दिवशी. इटलीत जन्माची नोंद, नावासकट, दवाखान्यातच करायची तर तीन दिवसांत आणि कोमूनेत, म्हणजे नगरपालिकेत, करायची तर दहा दिवसांत. उशीर झाला तर कारण द्यावं लागतं आणि ती गोष्ट सरकारी वकिलांच्या कार्यालयाला कळवली जाते. "आत्यानं कानात सांगितल्याशिवाय नाव नाही" हे तिथल्या कारकुनाला पटवता येणार नाही. म्हणून सासूबाईंशी आत्ताच बोला. पत्रिकेतलं नावरसाचं अक्षर जन्मवेळेवर ठरतं, ते वेगळं निघालं तर ते नाव पाळण्यापुरतं ठेवा, कागदावरचं आधीच नक्की करा. बाराव्या दिवशी पाळणा सजवा, साताऱ्याच्या आत्याला व्हिडिओवर घ्या, फोन बाळाच्या कानाशी धरा, कुर्र करू द्या, घुगऱ्या वाटा. नोंद आधी झाली म्हणून बारशाचा गोडवा कमी होत नाही.

अर्ज भरताना नावाच्या रकान्यात फक्त इरावती लिहा आणि आडनावाच्या रकान्यात आडनाव. आपल्या सवयीनं मधे वडिलांचं नाव घालू नका. इटलीत मधलं नाव हा प्रकारच नाही. त्या रकान्यात जे लिहाल ते सगळं मुलीचंच नाव धरलं जातं आणि तिच्या कोदिचे फिस्कालेपासून, म्हणजे सरकारी कर-ओळख क्रमांकापासून, शाळेच्या हजेरीपर्यंत पुरुषाचं नाव तिच्या मागे लागतं. शिवाय जिवंत वडिलांचं नाव मुलाला देऊ नये, असा तिथल्या 2000 सालच्या नोंदणी नियमांत मजकूर आहे. तो इटालियन नागरिक असलेल्या बाळांसाठी आहे, पण खिडकीवरचा माणूस तुम्हालाही हटकू शकतो. वडिलांचं नाव भारतीय पासपोर्टच्या अर्जात वेगळं द्यायचं असतंच.

तुम्ही दोघं भारतीय नागरिक असल्यामुळे तोरिनोत जन्मली म्हणून ती आपोआप इटालियन होणार नाही. तेव्हा वर्षाच्या आत भारतीय वकिलातीतही जन्मनोंद करून घ्या, तोरिनोसाठी मिलानची कचेरी जवळची. दोन्हीकडे स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं हवं. कोमूनेत छापील कागद समोर आला की सही करायच्या आधी नाव मोठ्यानं, एकेक अक्षर उच्चारून वाचा, आणि नवऱ्यालाही वाचायला लावा. सही झाल्यावर चूक सापडली तर ती दुरुस्त करायला अर्ज, पुरावे आणि कितीतरी खेटे लागतात, आणि तान्ह्या बाळाच्या घरात तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.