रविवारचा घोडा तिला परत द्या

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. लहानपणापासून तिला घोड्यांचं वेड. दोन वर्षांपूर्वी ती काचेच्या तुकड्यांतून घोड्यांचे मोझॅक करायला लागली. लोकांना आवडले म्हणून मी तिचं ऑनलाइन पेज काढलं. ऑर्डर्स मीच घेतो, दहा जणांचे ॲडव्हान्सही घेतले आहेत. अकरावीत ७१ टक्के पडले. रविवारी ती रायडिंगला जायची, तिथे घोड्याला खरारा करत बसायची. ते बंद केलं. घोड्यांचे फोटो नेटवर भरपूर मिळतात, त्यासाठी तबेल्यात कशाला जायला हवं? पण आता ती काचेला हातच लावत नाही. लावला तरी कामात पूर्वीची मजा नाही. तिने फाइन आर्ट्सला जावं, की घोडे आवडतात तर व्हेटरिनरीला? – एक वडील

उत्तर : ७१ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. ‘ते बंद केलं’ हे तीन शब्द मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले. अभ्यासाला वेळ हवा म्हणून काहीतरी कमी करायचं ठरलं, तेव्हा तुम्ही ऑर्डर्स कमी केल्या नाहीत, घोडा कमी केलात. पैसे आणणारी गोष्ट ठेवली आणि ती जिथून आली ते काढून घेतलंत. विहिरीचा झरा बुजवायचा आणि पोहरा रिकामा का येतो म्हणून विचारायचं, असं झालं हे.

तुमचा हेतू वाईट नाही, हे पत्रातून कळतं. काचा उचलून माळ्यावर टाकणारे पालक मला जास्त भेटतात. तुम्हाला मुलीच्या कामाचा अभिमान आहे. पण कौतुकाचाही जाच होतो. वडिलांचा विरोध असला तर बारावीतल्या मुलीला निदान भांडता तरी येतं. वडील हौसेने ऑर्डर घेऊन आले, तर ‘मला नको’ कसं म्हणणार? त्यांचा चेहरा पडेल या भीतीने ती गप्प राहते आणि काम हळूहळू थांबतं. पेज तुम्ही काढलं, ऑर्डर्स तुम्ही घेता, ॲडव्हान्स तुम्ही घेतलेत. कोणता घोडा, केवढा, कधीपर्यंत, हेही आता गिऱ्हाईक ठरवत असणार. यात तिचं काय उरलं? ती काचेला हात लावत नाही, याला कृपा करून आळस म्हणू नका. मला तो तिने दिलेला नकार वाटतो.

आता फोटोंबद्दल, कारण हा गैरसमज खोडायलाच हवा. फोटो उपयोगी असतात यात वाद नाही. भरधाव घोडा म्हणजे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले, असंच चित्रकार शतकानुशतकं काढत आले होते. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो घेतले आणि उलगडा झाला : चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात. पण मोझॅकचं काम बाह्यरेषेवर भागत नाही. प्रत्येक तुकड्याला कडा असते, दोन तुकड्यांमध्ये फट असते, आणि या फटींच्या ओळी कुठून कुठे वळतात यावर घोडा अंगाने भरतो की सपाट राहतो हे ठरतं. मानेवरून तुकड्यांची ओळ उतरवायची, तर आतला स्नायू कुठून निघतो आणि खांद्यात कुठे शिरतो हे माहीत हवं. जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराने हे समजून घेण्यासाठी सुमारे दीड वर्ष मेलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन केलं आणि १७६६ मध्ये त्या अभ्यासाची चित्रं छापली. तुमची मुलगी हेच जिवंत घोड्याच्या अंगावर हात फिरवून शिकत होती. बरगडी कुठे संपते, केस कुठे दिशा बदलतात, माशी बसली की कातडी कशी थरथरते आणि त्याबरोबर अंगावरची चमक कशी सरकते, हे खरारा करणाऱ्या हाताला कळतं. ‘करत बसायची’ असं तुम्ही लिहिलंत, तो तिचा अभ्यास होता.

त्या चमकेवरून आणखी एक. इटलीतल्या रावेन्ना शहरात चर्चमध्ये सहाव्या शतकातले मोझॅक आहेत. त्यांतले काचेचे तुकडे थोडे तिरपे बसवलेले आहेत, त्यामुळे बघणारा चालू लागला की भिंतीवरचा उजेडही हलतो. घोड्याच्या तुकतुकीत अंगावर उजेड तसाच हलतो. रंग आणि ब्रश सोडून ती काचेकडे वळली ती यामुळे असेल का? मला उत्सुकता आहे. तुम्ही हे तिला कधी विचारलंय?

फाइन आर्ट्स की व्हेटरिनरी, तर व्हेटरिनरीसाठी ‘नीट’ (NEET) ही परीक्षा, दृश्यकला आणि डिझाइनसाठी त्यांच्या त्यांच्या प्रवेश परीक्षा. ही माहिती कुठेही मिळेल. पण घोडा आवडतो एवढ्यावर व्हेटरिनरी निवडू नये. तिथे गाई, शेळ्या, कोंबड्या, रक्त, प्रयोगशाळा सगळं येतं, आणि वाचवता न येणारा घोडाही येतो. ते काम करायची तिची तयारी असेल तर उत्तम, पण तसं तुमच्या पत्रात काहीच नाही. मोझॅकचं म्हणाल, तर हे गंभीर शिक्षणाचं क्षेत्र आहे. इटलीत स्पिलिंबेर्गोला १९२२ पासून फक्त याच कलेची शाळा चालते आणि तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. इमारतींच्या भिंती, जुन्या मोझॅकची डागडुजी, शिकवणं, अशी कामं यात आहेत. मात्र तिला यावर पोट भरायचं आहे, असंही तुमच्या पत्रात नाही. दुसरंच काही शिकून ती आयुष्यभर काचेचे घोडे करत राहिली, तर त्यात काही बिघडत नाही.

तेव्हा आज मी तुम्हाला कोर्स सुचवणार नाही. पेजवर ‘नवीन ऑर्डर्स बंद’ असं लिहा. दहा जणांची यादी तिच्यासमोर ठेवा. त्यातलं एखादं काम तिला स्वतःहून करावंसं वाटलं तर ठेवा, बाकीचे पैसे परत करा. माफी तुम्ही मागा, तिला मागायला लावू नका. आणि येत्या रविवारपासून रायडिंग सुरू करा, टक्क्यांची अट न घालता. ‘एवढे पडले तर’ असं म्हणालात, की तोही घोडा तुमचाच झाला.

एक चौकशी मला करायलाच हवी : ती काम कुठे करते? झोपायच्या खोलीत करत असेल तर जागा आधी बदला. काच तोडताना डोळ्यांवर गॉगल हवाच. घासायची तर पाण्याखाली, आणि ग्राउटची, म्हणजे फटी भरायच्या मसाल्याची, कोरडी भुकटी कालवताना मास्क. खाली पडलेला चुरा झाडूने उडवायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचा. ऑर्डर्स घेणाऱ्याने हे आधी बघायला हवं होतं.

तुमच्या एवढ्या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. तिला मला काही लिहायचं असेल तर लिहू दे, आणि ते तुम्ही न वाचता पाठवा. त्या पत्राला मी कोर्सेसची सगळी माहिती देऊन उत्तर देईन. लिहायचं नसेल तर बारावी होईपर्यंत तिला पुढे काय करणार, हे कुणीही विचारू नये.