लहानपणीच्या गेम्ससाठी छोटे रेट्रो कन्सोल विकत घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की लहानपण गिरगावच्या चाळीत गेलं, आता चाळिशी उलटली, घरात आठ वर्षांचा मुलगा आहे आणि हल्ली जुन्या गेम्सचे ते तळहाताएवढे कन्सोल दिसले की हात शिवशिवतात. घ्यावेत, की पैसे पाण्यात जातील?

मी त्यातले बरेच हाताळलेत. काही स्वतः घेतले, काही मित्रांकडे खेळलो. माझा उलटा प्रश्न असा: तुम्हाला नेमका कोणता गेम खेळायचाय? "जुने गेम्स" हे उत्तर चालणार नाही, नाव सांगा. कारण हे कन्सोल जुन्या आठवणींवर विकले जातात, पण त्या आठवणी अमेरिकन आणि जपानी पोरांच्या आहेत. आपल्या नाहीत.

आपल्याकडे व्हिडिओ गेम म्हणजे काय होतं ते आठवा. मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं छापलेले प्लॅस्टिकचे डबे. निंटेंडोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम काढला, त्याच्या या नकला. वर खाचेत कॅसेट खुपसायची, आणि कॅसेटवर ९९९९९९ इन १ असं बिनदिक्कत छापलेलं. त्यात आपण खेळलो काय? मारिओ, कॉन्ट्रा, टँक, सर्कस, रोड फायटर, बॉम्बरमॅन आणि बंदूक घेऊन बदकं, म्हणजे डक हंट. त्यातल्या टँकचं खरं नाव बॅटल सिटी. नामको या जपानी कंपनीने तो १९८५ साली जपानमध्ये काढला आणि त्या काळी अमेरिकेत तो अधिकृतपणे विकलाच गेला नाही. आपल्याकडे मात्र तो घरोघरी.

आता निंटेंडोने नोव्हेंबर २०१६ मध्ये काढलेला नेस क्लासिक घ्या (नेस म्हणजे फॅमिकॉमचीच परदेशातली आवृत्ती, क्लासिक म्हणजे तिची छोटी प्रतिकृती). या सगळ्या मिनी कन्सोलची लाट त्यानेच आणली. आत ३० गेम, बाहेरून घालता येत नाहीत. सुपर मारिओचे तिन्ही भाग आहेत. डाँकी काँग, पॅकमॅन, बलून फाइट, आइस क्लायंबर, एक्साइटबाइक, डबल ड्रॅगन २ आहेत. कॉन्ट्रा नाही! त्याचा पुढचा भाग, सुपर सी, तेवढा आहे. टँक नाही, सर्कस नाही, रोड फायटर नाही, बॉम्बरमॅन नाही, डक हंट नाही. उरलेल्या जागेत झेल्डाचे दोन भाग, मेट्रॉइड, फायनल फँटसी. उत्तमच गेम आहेत, पण नव्वद साली आपल्या चाळीत कोणी फायनल फँटसी खेळलं असेल तर मी त्याला स्वखर्चाने चहा पाजीन.

डक हंट नसण्यामागे मात्र खरंच तांत्रिक कारण आहे. त्या बंदुकीतून काहीच सुटत नव्हतं. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर होता. चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. काळ्यानंतर लगेच पांढरं दिसलं की नेम लागला. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीचं चित्र कोणत्या क्षणी उमटतं त्यावर बेतलेलं होतं. आजचा एलईडी टीव्ही तेच चित्र किंचित उशिरा दाखवतो, त्यामुळे बंदुकीला बदक सापडतच नाही. तेव्हा कोणी जुनी बंदूक नव्या टीव्हीवर चालवून देतो म्हणाला तर खिशावर हात ठेवा.

बाकीच्यांत सगळ्यात जमलेला माझ्या मते एसनेस क्लासिक, म्हणजे नेसच्या पुढच्या पिढीच्या कन्सोलची छोटी प्रतिकृती, सप्टेंबर २०१७ चा. गेम २१च, पण निवड नेटकी. दोन कंट्रोलर डब्यातच मिळतात (नेस क्लासिकबरोबर एकच यायचा, म्हणजे दुसऱ्याने बघत बसायचं). मुख्य म्हणजे यात कॉन्ट्रा ३ आहे. तो तुमचा कॉन्ट्रा नव्हे, पण दोघं शेजारी बसून गोळ्या झाडायची मजा तीच. स्ट्रीट फायटर २ टर्बो आहे. मारिओ कार्ट आहे, ज्यात तुमचा मुलगा तुम्हाला हरवेल. मध्येच गेम थांबवून ठेवता येतो, मागे नेऊन पुन्हा खेळता येतो. मेलं की पहिल्यापासून सुरू, ही शिस्त आजच्या पोरांना मंजूर नाही आणि खरं सांगायचं तर आता आपल्यालाही झेपत नाही.

सेगाचा मेगा ड्राइव्ह मिनी (२०१९) तितकाच चांगला. ४२ गेम, आणि जुने गेम नव्या मशीनवर बसवण्यात मुरलेल्या एम२ या जपानी कंपनीने काम केलंय ते जाणवतं. पण नव्वदच्या दशकात शॉ वॉलेस कंपनीने आपल्याकडे मेगा ड्राइव्ह विकायला आणला, तेव्हा तो चाळीत कितीजणांकडे होता? आमच्या ओळखीत एकाकडे. त्याचे वडील दुबईला होते, आणि त्याला एकदम खूप मित्र होते. सेगाच्या त्या निळ्या हीरोशी, सॉनिकशी, तुमचं नातं नसेल तर हा सोडा.

प्लेस्टेशन क्लासिक घेऊ नका. डिसेंबर २०१८ मध्ये १०० डॉलरला आला आणि थोड्याच महिन्यांत किंमत कोसळली. त्यात टेकन ३ हा मारामारीचा गेम आहे, म्हणून आपले लोक फसतात. सोनीने त्यातल्या काही गेम्सच्या युरोपातल्या आवृत्त्या घातल्या, टेकन ३ त्यातलाच. त्या सेकंदाला ५० चित्रांच्या हिशेबाने चालतात, मूळ गेम ६० चा. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रांगेत उभं राहून टेकन शिकलेल्या माणसाला पहिल्या लाथेत कळतं की पात्रं पाण्यातून चालल्यासारखी हलताहेत.

पार्लरचा विषय निघालाच आहे तर तुमचा पुढचा प्रश्न ओळखतो: मुस्तफा. म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा गेम. मी पाहिलेल्या एकाही अधिकृत मिनी कन्सोलमध्ये तो नाही. आशा सोडा.

आता बाजार. अस्सल नेस आणि एसनेस क्लासिकचं उत्पादन कधीच थांबलंय. निंटेंडोचं आपल्याकडे कधी नीट दुकानच लागलं नाही, त्यामुळे जे मिळतं ते परदेशातून आलेलं किंवा वापरलेलं, आणि विकणारा सांगेल ती किंमत. नेस क्लासिक ६० डॉलरला निघाला होता, एसनेस ८० ला. त्याच्या दुप्पट-तिप्पट भाव ऐकला तर हसून पुढे जा. ज्यात तुमचा कॉन्ट्राच नाही त्यासाठी एवढे मोजू नयेत.

मुंबईत मनीष मार्केटला किंवा लॅमिंग्टन रोडला गेलात तर तुमच्या हातात पडेल तो वेगळाच डबा. दिसायला नेस क्लासिकसारखा करडा, आणि दुकानदार म्हणणार, "छे सौ बीस गेम है साब, मारिओ, कॉन्ट्रा सब है." किंमत हजार-दीड हजारात, घासाघीस केली तर आणखी खाली. अस्सल आहे का, हे मागची बाजू बघून कळतं. पिवळी-लाल-पांढरी वायर निघत असेल तर नक्कल. एचडीएमआय असेल तरी ६२० आकडा ऐकताच नक्कल समजा, अस्सलमध्ये ३०च आहेत.

नक्कल म्हणून लगेच नाक मुरडू नका. गंमत अशी की तुमचे गेम याच डब्यात आहेत. कॉन्ट्रा आहे, टँक आहे, सर्कस आहे. यादीची लबाडीही तीच जुनी: खाली सरकत जा, तोच मारिओ तिसऱ्या लेव्हलपासून सुरू करून वेगळ्या नावाने पुन्हा छापलेला. हे सगळं अर्थातच कोणाच्याही परवानगीशिवाय. तो विचार तुमचा तुम्ही करा. मी फक्त ते चालतं कसं ते सांगतो.

चालतं मध्यम. आवाज किंचित किरटा, मारिओची धून ओळखीची पण कुठेतरी चुकलेली. चित्र पसरट, कारण टीव्ही चौकोनी चित्र ताणून रुंद करतो. ते सेटिंगमध्ये ४:३ केलं की सुधारतं. नव्या टीव्हींना ती तीन रंगांची भोकं नसतात, एखादं बारीक छिद्र असतं आणि त्याची जोडवायर वेगळी घ्यावी लागते. काहींना तेही नसतं. घरी टीव्हीच्या मागे डोकावून मगच दुकानात जा.

खरी बोंब कंट्रोलरची. दुकानातच तपासून घ्या: मारिओ लावा, उजवीकडे पळवत अंगठा दिशेच्या अधिक-चिन्हासारख्या बटणावर किंचित खाली-वर हलवा. पळता पळता तो मध्येच मंदावत असेल तर बटण भुसभुशीत आहे. कॉन्ट्रामध्ये हाच दोष म्हणजे गोळी समोर जायच्या जागी तिरकी जमिनीत, आणि नेम चुकला म्हणजे मरण. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

अस्सल असो की नक्कल, एक गोष्ट टीव्हीत करावीच लागते. आजचे टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतात. हे जुने गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. टीव्हीने शंभर मिलिसेकंद खाल्ले की तुम्ही उडी मारलीत आणि मारिओ सहा चित्रांनंतर उडाला, तोवर तो खड्ड्यात. मग आपल्याला वाटतं, वय झालं, हात चालत नाही. हात ठीक आहे हो. सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. तुमचा गेम कॉन्ट्रा असेल तर तो बनवणाऱ्या कोनामीने २०१९ मध्ये कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन काढलंय, पीसी, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स, स्विच सगळ्यांवर. त्यात आपला लहानपणीचा कॉन्ट्रा आहे. बटणं ठरावीक क्रमाने दाबून ३० जीव मिळवायचा तो वर-वर-खाली-खालीचा मंत्र बोटांना अजून पाठ असेल. टँक हवा असेल तर नामको म्युझियम आर्काइव्ह्जच्या दुसऱ्या भागात बॅटल सिटी आहे. घरातला लॅपटॉप एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा, दोन बरे यूएसबी कंट्रोलर घ्या. सेलमध्ये हे गेम बरेच स्वस्त मिळतात, हक्काचे असतात, आणि पुढच्या वर्षी डबा बिघडला म्हणून कचऱ्यात जात नाहीत. शेल्फवर ठेवायला गोंडस वस्तू मिळत नाही, एवढंच.

हातात धरून खेळायचे छोटे चिनी कन्सोल तुम्ही पाहिले असतील. ते वस्तू म्हणून चांगले असतात, पण विकणारा मेमरी कार्डात हजारो चोरीचे गेम भरून देतो, आणि ती स्वस्तातली कार्डं लवकर माना टाकतात. शिवाय एकट्याने खेळायचं यंत्र आहे ते. तुम्हाला मुलाबरोबर खेळायचंय ना?

गोंडस वस्तूच हवी असेल, तीही कारण म्हणून पुरेशी आहे, तर एसनेस क्लासिक घ्या आणि अमेरिकेतून किंवा युरोपातून येणाऱ्या नातेवाइकाला सांगा. जपानी आवृत्ती मागवू नका, तिचा मेनू जपानीत असतो. फॅमिकॉम मिनीचे, म्हणजे नेस क्लासिकच्या जपानी आवृत्तीचे, कंट्रोलर तर इतके बारके आहेत की मोठ्या माणसाचा अंगठा दोन बटणांवर एकदम पडतो. विजेची काळजी नको, हे सगळे यूएसबीवर चालतात, मोबाइलचा चार्जर पुरतो. नेस क्लासिकच घेतलात तर त्याच्या कंट्रोलरची वायर पाऊण मीटरच आहे, आणि गेम बदलायला उठून डब्यावरचं रीसेट दाबावं लागतं. अमेरिकेत दिवाणखाने मोठे, तिथे लोकांनी खूप कुरकुर केली. आपल्या वन रूम किचनमध्येही ती पुरत नाही. निंटेंडोच्या वी कन्सोलच्या नंचक या जोड-कंट्रोलरची एक्स्टेंशन वायर त्याला बसते, ती आधीच मागवून ठेवा.