उत्तर 19च आहे, क्लासचं 21 सोडून द्या

तुमची पोस्ट वाचली आणि ठाण्यातला आमचा जुना क्लास आठवला. पिशवीत 10 लाल, 8 निळे, 5 हिरवे, 3 पांढरे चेंडू. न बघता किमान किती काढले म्हणजे एकाच रंगाचे 6 हमखास मिळतील? तुमचे सर 21 म्हणतात, उत्तरसूची 19 म्हणते. उत्तरसूची बरोबर आहे.

नशीब फुटकंच आहे असं धरून मोजायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मग 21 कुठून आलं? चार रंग, प्रत्येकी पाच, वर एक. आमच्याही नोट्समध्ये हे सूत्र ठळक चौकटीत छापलेलं होतं. पण पिशवीत पांढरे आहेतच तीन, पाच कुठून आणणार? सहा न जुळता जास्तीत जास्त 5, 5, 5 आणि 3, म्हणजे 18 निघतात. तोवर हिरवे-पांढरे संपलेले असतात, त्यामुळे एकोणिसावा लाल नाहीतर निळाच. 21 काढले तरी सहा मिळतातच, पण विचारलंय ‘किमान’.

हीच शंका घेऊन मी शंकानिरसनाच्या टेबलावर गेलो होतो. ‘असलं काही येत नाही, सूत्र पाठ कर’ म्हणून परत पाठवलं. सराव परीक्षेतही 21लाच गुण. ज्यांनी डोकं लावून 19 लिहिलं त्यांचेच गुण कापले, आणि आमच्या बॅचमधली चांगली मुलं स्वतःच्या विचारावर विश्वास ठेवेनाशी झाली. याचा मला आजही संताप येतो. भरमसाट फी घेता, तर निदान चुकीचं पान तरी बदला! कॅटमध्ये, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेत, चुकीच्या पर्यायाला एक गुण वजा होतो, त्याची भरपाई क्लास करत नाही.

मी शिक्षक नाही, वाशीत नोकरी करतो. तेव्हा हे माझं मत म्हणूनच घ्या. ते सूत्र वहीतून खोडून टाका. प्रत्येक प्रकारचा साठा पुरेसा असेल तेव्हाच ते चालतं. 52 पत्त्यांत इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांपैकी कुठल्याही एकाचे 5 हवे असतील तर 17, इथे ठीक. पण 3 बदामच हवे म्हटलं की बाकीचे 39 आधी हातात येणार, म्हणजे 42. आणि तुमच्याच पिशवीतून प्रत्येक रंगाचा निदान एक हवा असेल तर 10, 8, 5 हे मोठे साठे आधी संपवा: 24. प्रश्नात ‘कुठलाही एक’, ‘अमुकच’ की ‘प्रत्येक’, यावर पेन्सिलीने गोल केल्याशिवाय आकडेमोडीला हात लावू नका.

ठाणे-वाशी लोकलमध्ये करायला एक देतो. दोन रंगांच्या प्रत्येकी 5 जोड्या आहेत. मोजे असतील तर 3 काढले की एका रंगाची जोडी जमते. हातमोजे असतील तर 11 लागतात. 10 का पुरत नाहीत ते लिहून बघा, अडलं तर इथेच विचारा.