मिनार बांधू देत नाहीत तिथे नमाज पढू देतात का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. झुरिकला नोकरीची ऑफर आलीय, तुम्ही मिरजेचे, घरी पाचही वेळची नमाज, आणि तुमच्या अम्मी म्हणतात की ज्या देशात मशिदीला मिनार बांधू देत नाहीत तिथे माणसाला नमाज तरी सुखाने पढू देतील का. मी मुसलमान नाही, नाशिकचा आहे, पण २००७ पासून झुरिकमधे राहतोय आणि ज्या रविवारी ही बंदी आली तो रविवार मी इथेच होतो, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

आधी सरळ उत्तर. हो, बंदी खरी आहे. स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेत कलम ७२, उपकलम ३ मधे एकच वाक्य आहे, मिनार बांधायला मनाई आहे. बस, एवढंच. मशीद बांधायला मनाई नाही, नमाजला नाही, जे चार मिनार आधीपासून होते ते पाडा असंही कुणी सांगितलेलं नाही. आणि हे अख्ख्या युरोपचं नाही, थेट राज्यघटनेत असं लिहिणारा देश हा एकटाच. शेजारी जर्मनीत कोलोनच्या मोठ्या मशिदीला ५५ मीटरचे दोन मिनार आहेत, तिथेही खूप वाद झाले पण शेवटी बांधून झालं.

आता हे झालं कसं. सुरुवात वांगेन नावाच्या गावातून झाली, ओल्टेन रेल्वे जंक्शनच्या जवळ. तिथल्या तुर्की लोकांच्या संस्थेने २००५ मधे अर्ज केला की आमच्या इमारतीवर छोटा मिनार उभारायचा आहे. छोटा म्हणजे किती, तर सहा मीटर. इमारत वस्तीत नाही, कारखाने-गोदामांच्या भागात. आता इथली पद्धत अशी की कुणी काहीही बांधायला काढलं की आधी त्या जागेवर ॲल्युमिनियमच्या उंच काठ्या उभ्या करतात, होणारी इमारत कुठून कुठपर्यंत आणि किती उंच हे सगळ्या गावाला दिसावं म्हणून, मग शेजाऱ्यांनी ठराविक दिवसांत लेखी हरकत घ्यायची. साध्या गॅरेजवरसुद्धा हरकती येतात. मिनारावर तर ढीगभर आल्या. गावाने नाही म्हटलं, कॅन्टनने म्हणजे त्यांच्या राज्याने हो म्हटलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००७ मधे निकाल मिनाराच्या बाजूने लागला. जानेवारी २००९ मधे मिनार उभा राहिला. त्यावरून अजान द्यायची नाही ही अट होती आणि संस्थेला ती मान्य होती.

म्हणजे बघा, नेहमीचा बांधकामाचा कायदा होता, त्यात हरकत घ्यायची सोय होती, कोर्ट होतं, आणि त्याच रस्त्याने निकाल लागला होता. मला वाटतं हे इथेच थांबायला हवं होतं. पण तोवर उजव्या पक्षांच्या काही नेत्यांनी एगरकिंगन नावाच्या गावाच्या नावाने एक समिती काढली आणि घटनाच बदला म्हणून सह्या गोळा करायला लागले. इथे अठरा महिन्यांत एक लाख सह्या जमवल्या की कुठलीही घटनादुरुस्ती थेट जनतेच्या मतदानाला जाते. त्यांनी १,१३,५४० जमवल्या. सरकार म्हणालं नको, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने नको म्हटलं, चर्चच्या लोकांनी आणि ज्यू संघटनांनीही विरोध केला, मतदानाआधीच्या सर्व्हेत विरोधक ५३ टक्के दिसत होते. आणि २९ नोव्हेंबर २००९ ला निकाल आला, ५७.५ टक्के बंदीच्या बाजूने. जिनिव्हा, व्हो, नशाटेल आणि बासेल शहर एवढेच कॅन्टन नाही म्हणाले. झुरिक शहरानेही नाही म्हटलं होतं, ६० टक्क्यांच्या वर, पण झुरिक कॅन्टनमधली गावं धरली तर तिथेही थोडक्यात हो झालं. हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय कारण तुम्ही राहणार आहात ते शहरात.

मतदानाआधीचे ते पोस्टर मला अजून आठवतात. स्विस झेंड्यावर काळे मिनार, क्षेपणास्त्रं उभी केल्यासारखे, आणि पुढे नखशिखांत काळ्या बुरख्यातली बाई. बासेल आणि लोझानने ते लावू दिले नाहीत, झुरिकने अभिव्यक्तीस्वातंत्र्य म्हणून परवानगी दिली. मी रोज ऑफिसला जाताना ट्रामच्या स्टॉपवर ते बघायचो. माझ्या टीममधे एक बोस्नियाचा मुलगा होता, युद्धातून लहानपणी पळून आलेला, स्विस जर्मन त्यांच्याच लोकांसारखी बोलायचा, आणि तो त्या आठवड्यांत स्टॉपवर पोस्टरकडे पाठ करून उभा राहायचा. त्याच्या आईने आयुष्यात कधी बुरखा घातला नव्हता. इथले बहुतेक मुसलमान त्याच्यासारखेच, बोस्निया कोसोवो आणि तुर्कस्तानातून आलेले, पोस्टरवरची बाई त्यांच्यातल्या कुणाचीच आई-बहीण नव्हती.

पण ज्यांनी हो म्हटलं ते सगळे द्वेष करणारे होते असंही मी म्हणणार नाही कारण ते खोटं ठरेल. माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, आमच्या बिल्डिंगमधे कपडे धुण्याचे वार ठरलेले असतात आणि त्यांच्या नंतर माझा नंबर, त्यामुळे मशीनपाशी बोलणं व्हायचं. बाई अतिशय प्रेमळ, मला पहिल्या हिवाळ्यात बूट कुठले घ्यावे इथपासून शिकवलेलं. त्या सोमवारी म्हणाल्या मी हो लिहिलं. मी विचारलं का, तर म्हणाल्या, आम्हा बायकांना मतदानाचा हक्क मिळाला तेव्हा मी तिशी ओलांडलेली होते, मिळालेलं परत जाईल अशी भीती वाटते. खरंच आहे, स्वित्झर्लंडमधे देशपातळीवर बायकांना मत १९७१ मधे मिळालं. मला त्यांची भीती समजली. पण मी तेव्हाही त्यांना म्हटलं आणि आजही म्हणतो की छपरावरचा सहा मीटरचा मनोरा अडवून एकाही बाईला एकही हक्क मिळत नाही, आणि बंदीला सगळ्यात जास्त मतं, ७१ टक्क्यांच्या वर, पडली ती आपेनझेल इनररोडन कॅन्टनमधे, जिथे बायकांना स्थानिक मतदान १९९० मधे कोर्टाने आदेश दिल्यावर मिळालं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग माझ्या कपड्यांची बादली उचलून टेबलावर ठेवली. आमचं बोलणं त्यानंतरही चालूच राहिलं.

शिवाय ते वर्षच तसं होतं. जिनिव्हा पोलिसांनी २००८ मधे गद्दाफीच्या मुलाला अटक केली त्याचा सूड म्हणून लिबियाने दोन स्विस व्यावसायिकांना अडकवून ठेवलेलं, ऑगस्ट २००९ मधे स्विस राष्ट्राध्यक्ष स्वतः त्रिपोलीला जाऊन माफी मागून आले, लोक चिडलेले. तो राग वांगेनच्या तुर्की कामगारांवर निघाला असं माझं मत आहे.

तुम्ही विचाराल कोर्टाने हे रद्द का नाही केलं. आपल्याकडे घटनेचा मूलभूत ढाचा म्हणून एक गोष्ट आहे, सुप्रीम कोर्ट घटनादुरुस्तीसुद्धा रद्द करू शकतं. इथे तसं नाही. जनतेने आणि कॅन्टननी बहुमताने घटनेत लिहिलं की ते राहिलं, संसद मतदानाआधी एखादा प्रस्ताव बाद करू शकते पण फारच थोड्या कारणांसाठी, म्हणजे गुलामगिरी किंवा छळ यांसारखं काही असेल तर. स्ट्रासबुर्गच्या युरोपियन मानवाधिकार कोर्टात दोन तक्रारी गेल्या, २०११ मधे दोन्ही दाखल करून घ्यायलाच नकार मिळाला, कारण तक्रारदारांपैकी कुणी प्रत्यक्ष मिनार बांधायला निघालेलं नव्हतं, म्हणजे थेट नुकसान कुणाचंच नाही. त्यामुळे ही बंदी धर्मस्वातंत्र्यात बसते की नाही यावर आजपर्यंत त्या कोर्टाने निकाल दिलेलाच नाही. बरेच जण सांगतात की युरोपियन कोर्टाने बंदी योग्य ठरवली, ते चूक आहे.

माझा स्वतःचा आक्षेप कशाला आहे ते सांगतो. मिनार इस्लामची अट नाही हे बंदीवाले म्हणायचे ते बरोबरच आहे, पैगंबरांच्या मदिनेतल्या मशिदीला मिनार नव्हता, पहिली अजान देणारे हजरत बिलाल उंचावर चढून अजान द्यायचे. पण घंटेचा मनोरा ही तरी ख्रिस्ती धर्माची अट कुठे आहे? उंचीचा नियम करा, आवाजाचा करा, पार्किंगचा करा, आणि तो सगळ्यांना लावा, माझी काही तक्रार नाही. चर्चच्या घंटांचा रात्री त्रास होतो म्हणून वेडन्सविल गावातलं एक जोडपं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, २०१७ मधे ते हरले, पण नियम आवाजाचा होता आणि भांडण डेसिबलवर झालं. मिनाराच्या कलमात मात्र उंची नाही, आवाज नाही, फक्त कुणाचा आहे ते आहे. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे लांगेनथाल. त्या गावात २००६ मधे शिखांचा पांढराशुभ्र गुरुद्वारा झाला, घुमटांसकट, लोक कौतुकाने बघायला जातात. त्याच गावात मुसलमानांनी मिनार मागितला तो शेवटपर्यंत झाला नाही. वांगेनपासून जवळच ग्रेट्झेनबाखला थाई बौद्ध मंदिर आहे, सोनेरी शिखरांचं. आम्ही मराठी लोक हॉल भाड्याने घेऊन गणपती बसवतो, ढोल वाजतात, स्विस शेजारी मोदक खाऊन जातात. हे सगळं चालतं आणि तो एक मनोरा चालत नाही, हे मला इथे इतकी वर्षं राहूनही पटलेलं नाही.

आणि या देशाने हे आधीही केलंय, फक्त तेव्हा समोर दुसरे होते. ज्यू लोकांना बराच काळ आरगाऊ कॅन्टनमधल्या एन्डिंगेन आणि लेंगनाऊ या दोनच गावांत राहायची परवानगी होती, देशात कुठेही राहायची मोकळीक त्यांना १८६६ मधे मिळाली. एन्डिंगेनला जमलं तर जाऊन या. गावात चर्च नाही, मधोमध सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, आणि गावाला वेळ कळावी म्हणून घड्याळ आणि घंटा त्या सिनेगॉगवर आहेत. १८९३ मधे जनतेच्या सह्यांवरून झालेलं पहिलंच मतदान हे जनावर बेशुद्ध न करता कापायला बंदी घालणारं होतं, प्राण्यांवरच्या दयेइतकाच त्यात ज्यूंचा राग होता. मग कॅथलिक. जेझुइट नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघावर आणि नवीन मठांवर घटनेतच बंदी होती, ती १९७३ मधे मतदानानेच उठली. केंद्राच्या परवानगीशिवाय कॅथलिक धर्मप्रांत स्थापन करायचा नाही असं एक कलम होतं ते २००१ मधे काढलं. ते कलम होतं ७२, उपकलम ३. ती जागा आठ वर्षं रिकामी राहिली आणि तिथेच मिनार आले.

बाकी युरोपचं थोडक्यात. ग्रीसमधे राजधानी अथेन्सला ओटोमन काळानंतर सरकारमान्य मशीदच नव्हती, जुन्या मशिदींची म्युझियमं झालेली, लोक तळघरांत नमाज पढायचे, शेवटी नोव्हेंबर २०२० मधे एक उघडली, नौदलाच्या जुन्या जागेवर, तीही मिनाराशिवाय. ऑस्ट्रियाच्या दोन राज्यांनी २००८ मधे बांधकामाचे नियम असे बदलले की मिनार अवघड व्हावा. स्लोव्हेनियात लुब्लियानाच्या मशिदीसाठी पहिली मागणी १९६९ मधे झाली, मशीद उघडली २०२० मधे, पण मिनारासकट. माझ्या मते अल्पसंख्याकांचं स्वातंत्र्य पोलिसांपेक्षा जास्त अशा परवानग्यांच्या फायलीत अडकतं.

आता तुमच्यापुरतं. झुरिकला बालग्रिस्टच्या स्टॉपवर ११ नंबरच्या ट्राममधून उतरलात की एका बाजूला चर्च आणि समोर महमूद मशीद, १८ मीटरचा पांढरा मिनार, १९६३ चा. ती अहमदियांची आहे, ज्यांना बाकीचे बरेच मुसलमान आपल्यातले मानत नाहीत, तुमच्या घरच्यांना ते चालेल का हे तुम्ही बघा. मी ती मशीद नवीन आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवतो, कारण पाकिस्तानात याच लोकांना आपल्या जागेला मशीद म्हणायची कायद्याने बंदी आहे आणि त्यांचे मिनार पोलिस तोडतात. बाकी बोस्नियन, अल्बानियन, तुर्की, अरब अशा बऱ्याच जमातींच्या जागा आहेत, बाहेरून ऑफिस किंवा गोदाम वाटतात, पाटी नीट बघावी लागते. जुम्म्याला गर्दी असते.

हलाल मटण मिळतं, पण इथे जनावर बेशुद्ध न करता कापायला अजून बंदी असल्याने तसं हवं असेल तर बाहेरून आलेलं घ्यावं लागतं, दुकानात विचारा. डोक्यावर स्कार्फ रस्त्यात, दुकानात, माझ्या ऑफिसात रोज दिसतो, शाळेतल्या मुलीला तो घालू द्यावा असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मधे सांगितलंय, पण जिनिव्हात सरकारी शाळेच्या शिक्षिकेला तो नाकारला होता आणि युरोपियन कोर्टाने २००१ मधे तिची तक्रार फेटाळली, तेव्हा घरातल्या कुणाला शिक्षिका व्हायचं असेल तर आधी चौकशी करा. चेहरा झाकायला मात्र १ जानेवारी २०२५ पासून बंदी आहे, हजार फ्रँकपर्यंत दंड, ती मागणीही त्याच एगरकिंगन समितीची, २०२१ मधे ५१.२ टक्क्यांनी पास झाली. अम्मी भेटायला येणार असतील आणि नकाब घेत असतील तर विमानात बसण्याआधी हे त्यांना सांगून ठेवा, एअरपोर्टवर कळायला नको.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही ती म्हणजे दफन. इथे कबर साधारण वीस-पंचवीस वर्षांनी काढून जागा दुसऱ्याला देतात, ख्रिस्ती लोकांचीही, त्यामुळे बरेच जण मयत मायदेशी नेतात. झुरिकच्या विटिकॉन कब्रस्तानात २००४ पासून मुसलमानांसाठी किब्ल्याकडे म्हणजे मक्केकडे तोंड असलेला वेगळा भाग आहे.

आणि अजान कुठेच ऐकू येणार नाही, तेव्हा फोनमधे झुरिकच्या वेळा लावून घ्या. डिसेंबरमधे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे जोहर, असर आणि मगरिब या दुपारपासून सूर्यास्तापर्यंतच्या तिन्ही नमाजा ऑफिसच्या वेळेत. जॉइन व्हायच्या आधीच एचआरला मेल टाकून शांत खोली मागा. माझ्या त्या बोस्नियन सहकाऱ्याने मागितली होती, त्याला दुसऱ्या दिवशी किल्ली मिळाली.