लांब राईड आणि खडकाळ उतार, दोन्हीसाठी एकच एमटीबी: हार्डटेल की फुल सस्पेन्शन?

तुमचा प्रश्न असा आहे: राहायला सोलापुरात, महिन्यातून दोन-तीनदा शंभरेक किलोमीटरची राईड, मुरुमाचे आणि दगडगोट्यांचे उतारही उतरायचेत, पण एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, एकच घेता येणार. मग हार्डटेल घ्यावी, म्हणजे फक्त पुढच्या फोर्कला 120 मिलिमीटर दबणारं सस्पेन्शन असलेली, की 150 मिलिमीटरची फुल सस्पेन्शन, म्हणजे मागेही शॉक असलेली?

हार्डटेल घ्या. या एका प्रश्नावर मी घरात दोन वर्षं बोलणी खाल्लीत, म्हणून इतकं ठाम सांगतोय.

पुण्याच्या माणसाला घरातून निघाल्यावर अर्ध्या तासात टेकडी लागते. आपल्याला तुळजापूरचा घाट गाठायचा तर हिप्परग्याचा तलाव, मग तमलवाडी असं करत चाळीसेक किलोमीटर सपाटीवर पेडल मारावं लागतं. तुळजापूर सोलापूरपेक्षा उंच आहे ते सगळं मिळून जवळपास 200 मीटर. उतार पंधरा मिनिटांत संपतो आणि परत चाळीस किलोमीटर पुढ्यात उभे राहतात, तेही उन्हात.

माझी पहिली सायकल साधी हार्डटेल होती, स्प्रिंगच्या फोर्कची. ती विकून दुसरी घ्यायचं ठरलं तेव्हा दाजी म्हणाले, "घ्यायची तर दणकट घे की. परत परत कोण घेतंय?" ताईनेही तीच री ओढली. पुण्याहून एकाची वापरलेली 150 ची फुल सस्पेन्शन आणली. वजन साडेपंधरा किलो. घाटाच्या अंगाने गुराख्यांची एक वाट खाली येते, तिच्यावर ती सायकल खरोखर छान चालली, हे मी नाकारत नाही. पायरीएवढे दगड ती गिळायची.

कोजागिरीच्या आदल्या रविवारी मी तुळजापूरला गेलो. चालत जाणाऱ्यांची गर्दी अजून सुरू व्हायची होती, रस्ता मोकळा होता. वाट उतरून परतीला लागलो तर सीटवर बसलं की मागचा भाग खाली बुडायचा आणि पेडलचा जोर चाकापर्यंत पोचायचाच नाही. समोरून वारा. कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ, सगळं संपलेलं. तमलवाडीच्या पुढे बाभळीखाली बसलो आणि दाजींना फोन केला. ते टेम्पो घेऊन आले, काही बोलले नाहीत. रात्री मात्र सगळ्यांसमोर, पाहुणे बसलेले असताना म्हणाले, "सायकलीत खोट नाही, पायात जोर नाही." ते वाक्य मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी मी मागचं चाक काढलं, शॉकचा बोल्ट सोडवला. शॉक सुटला की मागचा दांडा स्वतःच्या वजनाने खाली पडायला पाहिजे. तो जागचा हलला नाही. हाताने दाबला तेव्हा करकरत गेला, आणि बेअरिंगमधून लाल गंजाचं पाणी बाहेर आलं. शॉकचं सीलही गेलेलं, हवा धरतच नव्हता. आपली काळी माती ओली असताना कुठे शिरते ते शेतकऱ्याला विचारा. शॉक पुण्याला पाठवला तो सात आठवड्यांनी परत आला. खोट सायकलीत होती. दाजींना ते बेअरिंग कागदात बांधून दाखवलं, तर म्हणाले, "आता काय उपयोग."

ती विकली आणि 120 ची हार्डटेल घेतली, 29 इंची चाक, तेरा किलोची. त्याच वाटेने उतरतो. थोडं सावकाश, उभं राहून, गुडघे सैल सोडून. आणि घरी सायकल चालवतच येतो.

त्याच पैशात फुल सस्पेन्शन घेतली की मागच्या शॉकचे पैसे फोर्क, ब्रेक आणि चाकांमधून कापलेले असतात. हार्डटेलमध्ये हवेचा फोर्क बघा, रिबाउंड, म्हणजे दबून परत वर येण्याचा वेग, कमी-जास्त करता येणारा. स्प्रिंगचा स्वस्त फोर्क दगडावर आदळून उसळी मारतो, तो मोफत दिला तरी घेऊ नका. ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, पुढची डिस्क 180 मिलिमीटरची. पुढे 32 दातांची एकच चकती आणि मागे 50 किंवा 51 दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, असेल तर घाटाचं काही वाटत नाही. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवतानाच सीट खाली-वर करणारा दांडा, नसेल तर नंतर बसवा, उतारावर सीट खाली गेली की निम्मी भीती जाते.

टायर 2.35 इंच रुंदीच्या आसपासचे, ट्यूबलेसच. सराटे आणि बाभळीचे काटे असताना ट्यूब घालून फिरणं म्हणजे पंक्चर काढायलाच बाहेर पडणं. आपल्या उन्हाळ्यात सीलंट, म्हणजे टायरमध्ये ओतलेलं भोक बुजवणारं द्रव, लवकर सुकतं, दोन महिन्यांनी टायर उघडून बघा, मे महिन्यात त्याआधीच. टायर आणि फ्रेममध्ये बोटभर जागा हवी, नाहीतर पावसाळ्यात चिखल थापून चाक जाम होतं.

एकाच सायकलवर दोन्ही कामं होतात ती टायरमधल्या हवेमुळे. माझं वजन 74 किलो. जाताना मागच्या टायरमध्ये 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो, घाटावर पोचलो की 25 वर आणतो, पुढच्या टायरमध्ये 22. खाली आल्यावर छोट्या पंपाने परत भरतो. दहा मिनिटं जातात. 150 चा शॉक आणि साडेपंधरा किलो ओढण्यापेक्षा ती दहा मिनिटं परवडली.

कंबरेचं दुखणं असेल किंवा दर आठवड्याला सह्याद्रीत जाणार असाल तर माझं ऐकू नका. 120 चीच, नवी फुल सस्पेन्शन बघा आणि बेअरिंगचा खर्च आधीच धरून ठेवा. कोणतं मॉडेल ते मी सांगणार नाही, मापाचं जे मिळेल ते. फक्त दुकानासमोर एक चक्कर मारून पैसे देऊ नका. हिप्परग्यापर्यंत तरी नेऊ द्या म्हणा. आणि घरी जो माणूस स्वतः सायकलवर बसत नाही, त्याला दणकट कोणती ते विचारू नका.