वडिलांचे आमच्यापेक्षा ट्रकवर अधिक प्रेम होते का?

प्रिय भगिनी,

पुढच्या महिन्यात तुमच्या वडिलांचे, आबांचे, प्रथम पुण्यस्मरण आहे आणि घरात गेलेल्या माणसापेक्षा त्याच्या उभ्या ट्रकवरूनच अधिक बोलणे चालले आहे, असे तुम्ही उचगावहून कळवले आहे. आबांनी हयातभर गाडी चालवली; आधी दुसऱ्याची, मग कर्ज काढून घेतलेली स्वतःची. ती गाडी वर्षभर घराशेजारच्या मोकळ्या जागेत उभी आहे. धाकट्या भावाला ती भंगारात देऊन तिथे दोन खोल्या बांधायच्या आहेत. आई रोज सकाळी पुढची काच पुसते, शुक्रवारी हळदकुंकू वाहते आणि विक्रीचा विषय निघाला की उठून आत जाते. पुण्यस्मरणाच्या जाहिरातीसाठी भावाने स्टुडिओतून आबांच्या अंगावर कोट चढवलेला फोटो करून आणला आहे. त्या दिवशी चार शब्द तुम्हीच बोलावेत असे सर्वांचे म्हणणे आहे. पण आबांचे आमच्यापेक्षा गाडीवर जास्त प्रेम होते हे मनातून जात नाही, मग मी बोलू तरी काय, असे तुम्ही विचारता.

आधी याच प्रश्नाकडे वळते. आबा एकाही भाऊबीजेला घरी नसत, ही तुमची सर्वांत जुनी तक्रार आहे. ते कोल्हापूरचा गूळ गुजरातला नेत. आपल्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर निघतात, त्या गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरातच आहे आणि पाडव्याला भरलेली गाडी भाऊबीजेला रस्त्यावरच असणार. दिवाळीत घरी बसणारा गूळ वाहतूकदार हंगामाची पहिली भाडी गमावून बसतो. तेव्हा दिवाळीचा दोष मी आबांच्या आवडीला देणार नाही. तो धंद्याचा आहे. पण तुमची दुसरी तक्रार वेगळी आहे. घरी असत त्या दिवशीही ते गाडीखालीच आडवे पडलेले असत आणि जेवायला चार हाका माराव्या लागत, हे तुम्ही लिहिले आहे आणि ते खरे असणार. ती उणीव खरी होती. गेलेल्या माणसाविषयी सगळे गोडच बोलावे, हा आपल्याकडचा दंडक मला फारसा मानवत नाही, कारण त्यामुळे माणूस फोटोतल्यासारखा सपाट होतो आणि जवळच्यांना त्याची आठवण खोटी वाटू लागते.

तरीही तुमच्या पत्रातल्या एका तपशिलावरून तुम्ही फार घाईने पुढे गेला आहात. गाडी भरून झाली की आबा दोर दुसऱ्या कोणाला आवळू देत नसत आणि शेवटी गाडीभोवती फिरून प्रत्येक दोर बोटाने छेडून पाहत, असे तुम्ही लिहिता. गुळाला पाण्याचे वावडे असते. दमट हवेतही तो पाघळतो. मग ताडपत्री फाटून पाऊस आत आला तर माल काळवंडतो आणि व्यापारी भाड्यातून नुकसान कापून घेतो. म्हणून ताडपत्रीला ठिगळ लावण्याचे काम आबा घरी करीत आणि दाभणात सुतळी ओवून देण्याचे काम लहानपणी तुमच्याकडे असे. ज्या कामात ते दुसऱ्याचा हात लागू देत नसत, त्यात त्यांनी तुमचा हात लावून घेतला होता. यावरून सगळा हिशेब फिटला असे मी म्हणत नाही. पण गाडी एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी आबांनी केलेली दिसत नाही.

मुलगा असताना आबा गावच्या नाक्यावर उभे राहून नुसत्या आवाजावरून टाटा की लेलँड हे ओळखीत, असे आई सांगते. टाटा आणि डेमलर-बेंझ यांचा सहयोग 1954 ते 1969 असा चालला, आणि त्या काळातल्या टाटाच्या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. आबांचे बालपण त्याच वर्षांतले. पुढे हाच कान त्यांच्या पोटापाण्याला आला. जुन्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसे, इंजिन केबिनमध्येच शेजारी तापत असे आणि गिअर बदलताना डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, इंजिनचा आवाज ऐकून, नेमक्या क्षणी दांडा पुढे सारावा लागे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता, कारण भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर सोडली तर ब्रेक तापून ऐन वळणावर दगा देतात. (आता 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मालट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. आबांना हे ऐकून हसू आले असते की हेवा वाटला असता, हे तुमची आईच सांगू शकेल.)

चार शब्द बोलायचे ते या कामाविषयी बोला. 'प्रेमळ', 'कष्टाळू', 'मनमिळाऊ' हे शब्द कोणाच्याही पुण्यस्मरणाला चालतात. त्याऐवजी येत्या रविवारी आबांच्या जुन्या क्लीनरकडे जा. तो आता स्वतः गाडीवर असतो आणि अजून त्यांचा उल्लेख 'वस्ताद' असाच करतो, असे तुम्हीच कळवले आहे. बोगदा होण्यापूर्वी वस्ताद खंबाटकी घाट कसा उतरायचे, कोणत्या ढाब्यावर थांबायचे आणि कोणत्या ढाब्यावर कधीच थांबायचे नाहीत, त्याच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग कुठे दिले, हे त्याला विचारा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा आबा कऱ्हाडच्या बाजूला अडकले होते, एवढेच तुम्हाला ठाऊक आहे. ते दिवस त्यांनी कसे काढले हे त्याला ठाऊक असेल. त्याला त्या दिवशी जेवायला नुसते बोलावू नका, बोलायलाही सांगा. ड्रायव्हरच्या आयुष्यात सांगण्यासारखे काय असते, असे म्हणणारे तुमच्या सासरचे नातेवाईक त्या वेळी समोरच बसलेले असतील, तर अधिकच चांगले.

जाहिरातीचा प्रश्न सोपा आहे. आबांनी आयुष्यात कोट घातला नाही. खंडेनवमीला झेंडूच्या माळा घातलेल्या गाडीला टेकून उभे असलेले आबा, असा एक फोटो तुमच्याकडे आहे आणि त्यात वर 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' हेही वाचता येते. तोच छापा. त्यांना ओळखणारे लोक मार्केट यार्डातले, कावळा नाक्यावरचे आणि गॅरेजमधले आहेत. कोटातला गृहस्थ कोण, असा प्रश्न त्यांना पडेल. भावाला कमीपणा वाटत असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, फोटो आईच्या हातात द्या.

आता गाडी. ती स्मारक म्हणून कायमची उभी ठेवावी, या मताची मी नाही. उभी गाडी रोज खराब होते. टायरला चिरा पडतात, बॅटरी बसते, ब्रेक जाम होतात, उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि ज्या माणसाने तिचा एक नटही सैल राहू दिला नाही त्याच्या नावाने ती अंगणात गंजत राहते. पण म्हणून भावाने भंगारवाला आणून उभा करावा, हेही मला मान्य नाही. आईला 'विकू का' असे विचारू नका, त्याला ती नाहीच म्हणणार. 'ही कोणी चालवलेली तुला चालेल का' असे विचारा. इंजिन धड असेल आणि क्लीनरची घेण्याची तयारी असेल, तर आईचे उत्तर वेगळे येईल असा माझा अंदाज आहे.

यात कागदपत्रांचे काम कोणालाच टळणार नाही. मालक वारल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि वारसाने तीन महिन्यांत नमुना 31 भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. तुमची मुदत केव्हाच उलटली आहे, तेव्हा दंड काय असेल तो भरून हे आधी उरका. आबांनी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे आई, भाऊ आणि तुम्ही असे तिघेही सारख्या हिश्शाचे वारस आहात, आणि तिघांच्या संमतीवाचून विक्री होणार नाही, हे भावाला शांतपणे सांगा. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला फिटनेस, म्हणजे ती रस्त्यालायक असल्याचा दाखला, दरवर्षी लागतो; तो, विमा आणि थकलेला कर यांचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जात असेल, तर ती मोडीत काढणेच शहाणपणाचे ठरेल. मात्र ती नोंदणीकृत वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्रातच द्या, तिथले प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या, नाहीतर आबांचा गाडी नंबर आणि चासी नंबर उद्या भलत्याच गाडीवर फिरायचा. स्टिअरिंग काढून घ्यायचे असेल तर व्यवहाराआधी केंद्राला विचारून घ्या.

गाडी कोणत्याही मार्गाने गेली तरी येणारे पैसे आईच्या खात्यात जमा करा, आणि खोल्या बांधायच्या की नाही ही चर्चा त्यानंतर, पुण्यस्मरण पार पडल्यावर, तिच्यासमोर बसून करा.